राखणारा जागा आहे, म्हणून आपण झोपायचं

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र आलं आहे. चार पानांचं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून, तिच्याच शब्दांत थोडक्यात देते.

“ताई, येशूच्या नावात सलाम. आमचे हे ऊसवाहतुकीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. हंगाम सुरू झाला की गाडी निघण्याआधी आम्ही अंगणात उभं राहून 91 वं स्तोत्र म्हणतो. गाडीवरचा क्लीनर आमच्याच मंडळीतला, बावीस वर्षांचा मुलगा. तोही आमच्याबरोबर उभा राहायचा. त्याला अर्धं स्तोत्र पाठ झालं होतं. फेब्रुवारीत पहाटे गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. डावी बाजू चेपली. पोरगा जागेवरच गेला. यांच्या मांडीत रॉड घातला, आता काठी घेऊन चालतात. मंडळीत सगळे म्हणतात, प्रभूने तुमच्या घरावर हात ठेवला. पाळकसाहेब म्हणतात, येत्या रविवारी दोघांनी पुढे येऊन साक्ष द्या. त्या मुलाची आई तिसऱ्या बाकावर बसते. प्रार्थनासभेत एक भाऊ म्हणाले की त्या घरात विश्वास कमी होता, उपासनेला कोणी नेमाने येत नसे. मी गप्प बसले. आणखी एक गोष्ट, ही मी कोणालाच बोलले नाही. पोलिसांना यांनी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. मला दवाखान्यात रात्री म्हणाले, डोळा लागला होता. दोन रात्रींची झोप नव्हती. गाडीमालक म्हणाला होता, आणखी एक खेप मार. आता पुढच्या हंगामाला परत गाडीवर जायचं म्हणतात. मी विश्रांतीचं, बेल्टचं काढलं की म्हणतात, राखणारा प्रभू आहे, तुझा विश्वास उडाला. ताई, मला ते स्तोत्र आता म्हणवत नाही. पहिल्या ओळीलाच घसा दाटतो. देवाने आमचं रक्षण केलं असेल, तर त्याचं का नाही केलं?”

प्रिय बहिणी, सलाम.

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी अडकले. त्याला अर्धं स्तोत्र पाठ झालं होतं. तुम्ही ते सहज लिहिलंत, पण तुमचं सगळं दुखणं त्यात आहे. दोघं एकाच अंगणात उभे राहिले, दोघांवर एकच प्रार्थना झाली, गाडीही एकच. एक उजव्या बाजूला बसला, एक डाव्या.

प्रेषितांची कृत्ये, 12 वा अध्याय काढा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं, एवढं एका ओळीत सांगून हे पुस्तक लिहिणारा लूक पुढे जातो. मग हेरोद पेत्राला धरतो. पेत्रासाठी मंडळी कळकळीने प्रार्थना करते, आणि रात्री देवदूत येऊन त्याला तुरुंगातून बाहेर काढतो. आपण पेत्राच्या सुटकेवर किती प्रवचनं ऐकली! त्या आधीच्या ओळीवर मी फार तर दोन ऐकली असतील. याकोब आणि पेत्र मासेमारीतले भागीदार होते. रूपांतराच्या डोंगरावर प्रभूने दोघांना बरोबर नेलं, गेथशेमाने बागेतही दोघांना जवळ ठेवलं. दोघंही त्याचे लाडके. एक गेला, एक सुटला. का, ते लूक सांगत नाही. याकोबाचा विश्वास कमी पडला असं तो लिहीत नाही. त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली नव्हती, असंही लिहीत नाही. जिथे शास्त्र गप्प राहिलं, तिथे तुमच्या प्रार्थनासभेतल्या भावाने तोंड उघडायला नको होतं.

मला नेहमी याकोबाच्या आईचा विचार येतो. जब्दीची बायको. आपल्या दोन मुलांना प्रभूच्या राज्यात एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसव, असं मागणारी ती बाई. वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या बायकांतही मत्तय तिचा उल्लेख करतो. याकोबाला मारलं तेव्हा ती हयात होती की नाही, ते शास्त्रात नाही. पण समजा होती. समजा, त्या रात्री मार्काच्या आईच्या घरी जी माणसं प्रार्थनेला जमली होती, त्यांच्यात तीही भिंतीला टेकून बसली होती. दारावर थाप पडते. रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते आणि आत पळत येते, पेत्र आलाय, पेत्र आलाय! त्या आईच्या मनात काय झालं असेल? तिचा मुलगा याच तलवारीने काही दिवसांपूर्वी गेला होता.

आता पेत्र काय करतो ते बघा. तो हाताने खुणावून सगळ्यांना शांत राहायला सांगतो. मग प्रभूने आपल्याला तुरुंगातून कसं बाहेर आणलं ते सांगतो, निरोप देतो आणि निघून जातो. बस. माझ्या विश्वासामुळे सुटलो, असं तो म्हणत नाही. याकोबाचं असं का झालं, याची मीमांसा करत नाही. साक्ष द्यायचीच झाली तर अशी द्यायची असते, आधी गलबला थांबवून.

तुमची साक्ष मात्र येत्या रविवारी देऊ नका. पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा, आमची अजून तयारी नाही. तिसऱ्या बाकावर ती आई बसते, हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठं कारण ते कुत्रं. तुमचे यजमान पुढे उभे राहून बोलले, तर ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर आणावं लागेल, आणि या वेळी देवाच्या नावाने. पोलिसांपुढे घाबरून सांगितलेली गोष्ट निराळी, आणि वेदीसमोर उभं राहून सांगितलेली निराळी. ते ओझं त्यांनी आणखी वाढवून घेऊ नये.

“विश्वास कमी होता” या बोलण्याबद्दल थोडं बोलते, कारण ते मलाही ऐकावं लागलं आहे.

लूक 13 मध्ये लोक हाच प्रश्न येशूपुढे आणतात. तो त्यांना शिलोहाच्या बुरुजाची आठवण देतो. बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली होती. ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं तो विचारतो, आणि स्वतःच उत्तर देतो, मुळीच नाही. मग बोट फिरवतो ते विचारणाऱ्यांकडे, तुम्ही आपलं बघा. अपघातात मेलेल्यांची झडती प्रभूने घेतली नाही. आणि दुःख पाहून विश्वास मोजायचा ठरवला, तर पंडिता रमाबाईंना आपण काय म्हणणार आहोत? आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या काळात गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं, असं कोणी म्हणेल. खरं आहे, बाप्तिस्मा 1883 चा. पण एकुलती एक मनोरमा 1921 च्या जुलैत गेली, तेव्हा केडगावात प्रार्थना थोड्या होत होत्या का? मुक्तिसदनात शेकडो मुली-बायका होत्या, ज्यांना त्या बाईने दुष्काळातून उचलून आणलं होतं. मनोरमाच आपल्यामागे हे काम बघेल, अशी आईची आशा होती. मुलगी गेल्यावर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत, आणि त्या दिवसांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. त्या घरात विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

माझी मुलगी दीड वर्षाची होती. मेंदूज्वराने चार दिवसांत गेली. मी तेव्हा स्वतः नर्स होते, तापाच्या मुलांची रात्रंदिवस सेवा करणारी. कबरस्तानातून परत आल्यावर आमच्याच नात्यातल्या एकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही लपवलेलं पाप आहे का, शोधा. मला अजून त्यांच्या शर्टाचं वरचं बटण आठवतं, कारण मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हते, बटणाकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी मंडळीतली एक म्हातारी बाई आली. काही बोलली नाही. बाळाचे कपडे न्हाणीघरात बादलीत तसेच भिजत पडले होते. मला त्या बादलीला हात लावणं होत नव्हतं, आणि घरात दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिने ते धुतले, दोरीवर घातले, वाळेपर्यंत ओट्यावर बसून राहिली. मग एकेक झबलं घडी करून ट्रंकेत ठेवलं, वर डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या आणि निघताना एवढंच म्हणाली, उद्या येते. दुसऱ्या दिवशी खरंच आली. त्या वर्षी देवाने माझं रक्षण केलं का, असं कोणी विचारलं तर मी त्या म्हातारीचं नाव घेते. तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं. पण सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, त्याचा अर्थ तिला आमच्यापेक्षा जास्त कळला होता. त्या मित्रांचं बिघडलं ते आठव्या दिवसापासून, बोलायला लागल्यावर.

आता 91 वं स्तोत्र. ते तुमच्याकडून कोणी काढून घेऊ नये असं मला वाटतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

हे स्तोत्र सैतानालाही पाठ होतं. मत्तय 4 मध्ये तो येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन म्हणतो, खाली उडी टाक, तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. हे याच स्तोत्राचं 11 वं आणि 12 वं वचन. पण स्तोत्रात “तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण करावे” असा भाग आहे, त्यातला “सर्व मार्गांत” सैतानाने गाळला. मार्ग म्हणजे माणसाचा रोजचा चालायचा रस्ता. कड्यावरून उडी मारणं हा कोणाचा मार्ग नसतो. प्रभूने त्याला जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन सुनावलं, आपला देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. तुम्ही समजावायला जाऊ नका, नुसतं वाचा. दोन रात्री न झोपता, बेल्ट न लावता भरल्या उसाची गाडी हाकणं आणि “तो राखील” म्हणणं, ही ती शिरोभागावरचीच जागा आहे. तिथे उभं राहून 91 वं स्तोत्र म्हणायला प्रभूने स्वतः नकार दिला.

मग 15 वं वचन बघा. मंडळीत आपण 10 व्या वचनापर्यंत जोरात म्हणतो, तंबूजवळ अरिष्ट येणार नाही वगैरे, आणि पुढचं घाईने उरकतो. 15 व्यात देव स्वतः बोलतो, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणारच नसतं तर या वचनाची गरज काय होती? ज्याने स्तोत्र लिहिलं त्याला संकट ठाऊक होतं, आणि देवाचा शब्द संकटाच्या आतला आहे. चेपलेल्या केबिनच्या आतला, उजव्या बाजूचा आणि डाव्या बाजूचाही.

चौथ्या वचनात पंख आहेत. खेड्यात वाढलेल्या तुमच्यासारखीला ते मी काय सांगणार. अंगणावर घार फिरायला लागली की कोंबडी एक वेगळाच आवाज काढते, पिलं धावत येतात, ती अंग फुलवून बसते. घारीला ती येऊ नको म्हणू शकत नाही. घार येतेच. पण पिलापर्यंत पोचायला घारीला आधी कोंबडीच्या पाठीवर उतरावं लागतं. यरुशलेमकडे बघून येशू म्हणाला, कोंबडी आपली पिलं पंखांखाली घेते तसं तुझ्या मुलांना एकवट करायचं माझ्या कितीदा मनात होतं. आणि मग थोड्याच दिवसांनी ती पाठ वधस्तंभावर गेली. ख्रिस्ती माणूस रक्षण म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती पाठ असते. आपल्याला काही होणार नाही, असा करार त्यात कुठे लिहिलेला नाही. जे होईल ते आधी त्याच्या अंगावरून आपल्याकडे येतं, असा माझा विश्वास आहे. रोमकरांस पत्रात पौल क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार अशी सगळी नावं घेतो. यातलं काही येणार नाही असं तो म्हणत नाही, यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाही असं म्हणतो. तो मुलगाही तुटला नाही, बहिणी. त्याला अर्धंच पाठ होतं याचं वाईट वाटून घेऊ नका. पाठांतर पुरं झालं की नाही ते बघून देव कोणाला पंखाखाली घेत नाही.

तुम्हाला आत्ता ते म्हणवत नसेल तर म्हणू नका. 88 वं स्तोत्र म्हणा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी शास्त्रात आहे. दाटल्या घशाच्या माणसांसाठीच ते ठेवलं आहे. आणि रविवारी मंडळी 91 वं म्हणेल तेव्हा नुसत्या उभ्या राहा. तुमच्या वाट्याचं त्या दिवशी शेजारची म्हणेल. मंडळी असते कशाला?

आता झोपेचं. तुमच्या पत्रात ही एकच गोष्ट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसत राहिली, आणि यजमानांशी बोलण्याचं दार तिथेच आहे.

121 वं स्तोत्र त्यांना पाठ असेलच. इस्राएलाचा रक्षक झोप घेत नाही, डुलकीही घेत नाही. ड्रायव्हर लोकांचं हे आवडतं स्तोत्र, काचेवर लावलेलं असतं. पण ते देवाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. डुलकी न घेणं हे फक्त त्याला जमतं. 127 व्या स्तोत्रात तर सरळ म्हटलं आहे की पहाटे लवकर उठणं, रात्री उशिरापर्यंत जागणं आणि कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, तो आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो. एलिया रानात मरणाची मागणी करतो तेव्हा देव त्याला रागावत नाही. झोपू देतो, उठवून भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. वादळात होडीत प्रभू उशाला टेकून झोपला होता. आणि तोच पेत्र, दुसऱ्या दिवशी त्याला लोकांपुढे काढायचं होतं, त्या रात्री दोन शिपायांच्या मधे दोन साखळ्यांनी बांधलेला असताना झोपला होता. इतका गाढ, की देवदूताला त्याच्या कुशीवर मारून उठवावं लागलं. याकोबाचं काय झालं हे त्याला माहीत होतं. सकाळी आपलंही तेच होईल, हेही दिसत होतं. तरी झोपला. मला विचाराल तर सबंध अध्यायात पेत्राचा विश्वास सगळ्यात स्पष्ट तिथे दिसतो, साखळ्या गळून पडल्या तिथेही नाही.

तीस वर्षं मी रात्रपाळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलेल्या माणसाला झोप लागत नाही. एक आजी होत्या, राहुरीकडच्या. मी टॉर्च घेऊन राउंडला गेले की दर वेळी डोळे उघडे. विचारायच्या, सिस्टर, तुम्ही जाग्या आहात ना? मी म्हणायची, हो आजी, सकाळपर्यंत इथेच आहे. तिसऱ्यांदा विचारलं आणि मग कूस बदलून झोपल्या, सकाळी उठवायला लागलं. मी त्यांना ऑपरेशन नीट होईल असं वचन दिलं नव्हतं, ते माझ्या हातात नव्हतंच. मी जागी आहे एवढंच सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर त्या झोपल्या. विश्वास म्हणतात तो हा. तुमच्या यजमानांना सांगा, तुम्हाला खरंच वाटतं ना प्रभू राखतो? मग गाडी कडेला घ्या आणि झोपा. जो झोपायला घाबरतो, एक खेप बुडेल म्हणून, त्याने आपला संसार अजून स्वतःच्याच खांद्यावर धरून ठेवलेला असतो.

याला नुसती भक्ती पुरत नाही, व्यवस्था लागते. नहेम्याने यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चालून येतील म्हणून काय केलं? देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला, दोन्ही एकाच वचनात आहे. नव्या घराच्या धाब्याला कठडा बांध, कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञाच आहे. कठडा बांधणारा अविश्वासू ठरत नाही. आणि योगायोग म्हणा, पण मोटार वाहन कायद्याचं 91 वं कलम ड्रायव्हरच्या कामाच्या तासांबद्दलच आहे. 2025 मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत ते 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याचे तास लावत होतं, म्हणजे दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. हंगामात असे नियम कोणी पाळत नाही, मला माहीत आहे. कारखान्याच्या काट्यापुढे नंबरात थांबलेले तास मालक विश्रांतीत धरतो, पण दर थोड्या वेळाने गाडी पुढे घ्यावी लागते, त्याला झोप म्हणत नाहीत. म्हणून पुढच्या हंगामाची उचल घेण्याआधीच बोलणं करा. सलग दुसऱ्या रात्रीची खेप नाही, बेल्ट चालू असलेलीच गाडी, दोघांनाही. मालक नाही म्हणाला तर दुसरा मालक शोधा. एखादा हंगाम घरी गेला तरी चालेल, आणि हे मी घर चालवलेली बाई म्हणून लिहिते आहे. मांडीतला रॉड अजून चार महिन्यांचाच आहे, ऑर्थोपेडिक डॉक्टर लेखी हो म्हणेपर्यंत तो क्लच दाबायचाच नाही.

राहिलं ते सगळ्यात अवघड. ते कुत्रं.

याकोबाच्या पत्राचा (हा याकोब निराळा) 5 वा अध्याय आपण आजाऱ्याला तेल लावायला उघडतो. तेलाच्या दोनच वचनं पुढे, 16 व्यात लिहिलं आहे, एकमेकांजवळ आपली पातकं कबूल करा, म्हणजे तुम्ही निरोगी व्हाल. यजमानांनी तुम्हाला दवाखान्यात रात्री खरं सांगितलं, याचा अर्थ त्यांना ते पेलत नाही आहे. “तुझा विश्वास उडाला” असं ते तुम्हाला म्हणतात, तो राग तुमच्यावरचा नसावा. त्यांना खोटारडा म्हणून उभं करू नका. मालकाची ती आणखी एक खेपही यात आहे, दोष एकट्याचा नाही. पण त्या आईला आपला मुलगा कसा गेला हे कळायचा हक्क आहे.

याला व्यवहाराचीही बाजू आहे आणि ती तातडीची आहे. त्या आईला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागता येते. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, म्हणजे ऑगस्ट लागण्याआधी अर्ज जायला हवा. अशा दाव्यात ड्रायव्हरची चूक होती का, हा प्रश्न निघतो. कुत्रं आडवं आलं होतं असं कागदावर राहिलं, तर तिचा दावा लंगडा पडू शकतो. कामावर असताना मृत्यू झाला म्हणून कामगार नुकसानभरपाईचा दुसरा रस्ताही आहे, पण दोन्हींतून एकच निवडावा लागतो. कोणता बरा, ते वकील सांगेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. तिला तिथे घेऊन जायचं काम तुमचं. आणि त्याआधी यजमानांनी स्वतःसाठी वेगळ्या वकिलाला भेटून सगळं खरं सांगावं, जबाब बदलला तर काय होईल ते समजून घ्यावं. त्याची किंमत मोजावी लागू शकते, खटल्याचीही. मी ते लपवत नाही. पण त्या बाईच्या भाकरीवर एक न आलेलं कुत्रं बसवून तुम्हा दोघांना 91 वं स्तोत्र म्हणता येणार नाही. तुमचा घसा दाटतो ना, तो मला वाटतं यानेच दाटतो.

पाळकसाहेबांना यात घ्या. साक्षीचा कार्यक्रम पुढे ढकलायला सांगताना कारणही सांगा, त्यांच्या खोलीत, दार लावून. त्या मुलाच्या घराबद्दल जे भाऊ बोलले, त्यांच्याशी पाळकांनीच बोलावं, तुम्ही नको.

आणि तिच्याकडे जा. रविवारची वाट बघू नका. पहिल्या दिवशी काही कबूल करायला जाऊ नका, बायबलही नेऊ नका. चार महिन्यांत तिच्या घरी कोण कोण येऊन गेलं असेल, आणि किती जणांनी देवाची इच्छा म्हटलं असेल, देव जाणे. तुम्ही पिठाचा डबा बघा, पाण्याचं बघा, धुणं पडलं असेल तर धुवा. त्या मुलाचे कपडे कदाचित अजून खुंटीवर असतील, त्यांना तिने सांगितल्याशिवाय हात लावू नका. ती मुलाबद्दल बोलायला लागली की ऐका. तो तुमच्या अंगणात उभा राहून स्तोत्र म्हणायचा, हे तिला सांगा. कोणत्या ओळीपर्यंत पाठ झालं होतं तेही सांगा, आईला ते हवं असतं. यजमानांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत बरोबर न्या, आणि खरं काय झालं ते त्यांनीच, त्यांच्या तोंडाने, तिला सांगू द्या. कदाचित ती ओरडेल. कदाचित दार लावून घेईल.

लावून घेतलं, तर बाहेरूनच सांगा, उद्या येते. आणि दुसऱ्या दिवशी जा.